पासष्टीतला पडदा

(सुवर्णमहोत्सवी स्नेहमेळाव्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळच्या सत्रात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



संयोजकांनी मला सांगितलं, "तू डोळ्यांची डॉक्टर आहेस, तर डोळ्यांवर बोल. पण मोतीबिंदूवर नको, ते सगळ्यांना माहीत झालंय." खरं आहे. आपण दहावीची पहिली बॅच, १९७५ची. म्हणजे या हॉलमधले विद्यार्थी पासष्ट-सहासष्टचे आणि समोर बसलेले सर आणि बाई ऐंशीच्या पुढचे. निम्म्यांच्या डोळ्यांत नवं भिंग बसलेलंच आहे. काही माझ्याकडूनच बसवून घेतलंत, त्यामुळे माझ्यासमोर जपून बसला आहात.

म्हणून आज भिंगाच्या मागे जाऊ या. डोळ्याचा पडदा, म्हणजे दृष्टिपटल. सांगली ही नाट्यपंढरी. १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी इथंच 'सीता स्वयंवर' रंगवलं. त्यामुळे पडदा म्हटलं की आपल्याला उघडणारा आणि पडणारा पडदा आठवतो. डोळ्यातला पडदा उघडझाप करत नाही. तो भिंतीला लावलेल्या वॉलपेपरसारखा डोळ्याच्या आतून, मागच्या बाजूला पसरलेला असतो. सगळा काढून सपाट पसरला, तर आपल्या टपाल खात्याच्या एखाद्या मोठ्या स्मारक तिकिटाएवढा. जाडी पाव मिलिमीटरच्या आसपास, कडेला त्याहूनही कमी. एवढ्याशा जागेत नऊ-दहा कोटी दंडपेशी अंधुक उजेडासाठी आणि पन्नासेक लाख शंकुपेशी रंगांसाठी आणि बारकाव्यांसाठी. त्यांनी टिपलेलं सगळं मेंदूकडे नेणारे तंतू साधारण दहा-बारा लाख.

माझ्या ओपीडीत सगळ्यात जास्त ऐकू येणारं वाक्य आहे, "डॉक्टर, आता वय झालं." कुणी ते घाबरून म्हणतं, कुणी निवांतपणे. पस्तीस वर्षांत माझं एक निरीक्षण झालंय. ज्यांनी घाबरायचं कारण नसतं ते घाबरतात आणि ज्यांनी धावत यायला हवं ते निवांत असतात. म्हणून वयानुसार या पडद्याचं काय होतं, कोणत्याही रोगाशिवाय, निव्वळ वाढदिवस साजरे केल्यामुळे काय होतं, ते आज सांगते. ते कळलं की बाकीचं वेगळं ओळखता येतं.

आधी हे आपल्याला कळलं कसं? हेल्महोल्ट्झनं १८५१ साली जिवंत माणसाच्या डोळ्यात डोकावायचं यंत्र जगापुढे आणलं आणि पडदा पहिल्यांदा दिसला. पण तो समोरून दिसला, पानावरचं चित्र दिसावं तसा. त्याची जाडी, त्याचे थर हे जिवंतपणी दिसायला १९९१ साल उजाडलं. त्या वर्षी अमेरिकेत डेव्हिड हुआंग, जेम्स फुजिमोटो आणि सहकाऱ्यांनी 'ओसीटी' नावाचं तंत्र 'सायन्स' या नियतकालिकात मांडलं. आवाजाऐवजी प्रकाशानं केलेली सोनोग्राफी समजा. आज सांगली-मिरजेत हे मशीन सहज उपलब्ध आहे. हनुवटी टेकवा, हिरव्या ठिपक्याकडे बघा, दोन मिनिटांत पडद्याचा उभा छेद कागदावर. केसाच्या जाडीच्या दहाव्या हिश्श्याएवढा फरकही त्यात दिसतो.

या मशीनची एक गंमत सांगते. त्याला तुमचं वय सांगावं लागतं. कारण ते तुमच्या पडद्याची तुलना तुमच्याच वयाच्या निरोगी माणसांशी करतं आणि मग हिरवा, पिवळा, लाल असा शेरा देतं. आमच्याकडे नोंदणीच्या खिडकीवर वय कमी सांगणारे लोक असतात. नावं घेत नाही, पण पुरुषही असतात! त्यांनी दहा वर्षं चोरली की मशीन त्यांना तरुणांच्या पंक्तीला बसवतं आणि पडदा पातळ झालाय म्हणून पिवळा रंग दाखवतं. म्हणजे निरोगी पडदासुद्धा वयानुसार पातळ होतो हे त्या मशीनला ठाऊक आहे. मज्जातंतूंच्या थराची सरासरी जाडी शंभर मायक्रॉनच्या आसपास असते आणि ती दर दशकाला दोनेक मायक्रॉननं उतरते. तंतू मोजायचे तर वर्षाकाठी चारेक हजार कमी होतात. आकडा ऐकून दचकू नका. दहा लाखांतून चार हजार. या हिशेबानं शंभरी गाठली तरी निम्म्याहून जास्त शिल्लक राहतात. काचबिंदूत मात्र हीच गळती कितीतरी वेगानं होते आणि ती दुखत-खुपत नाही. आई-वडील किंवा भावंडांपैकी कुणाला काचबिंदू असेल, तर हे वाक्य जरा लक्षात ठेवा.

आता आकाराबद्दल. लोक विचारतात, म्हातारपणी डोळा आक्रसतो का? चेहऱ्यावर डोळे आत गेल्यासारखे वाटतात, ते भोवतीची चरबी कमी झाल्यामुळे. मूळ गोळा तरुणपणी जेवढा होता, म्हणजे पुढून मागे साधारण २४ मिलिमीटर, जवळजवळ तेवढाच राहतो. पडद्याची वाटी तशीच राहते. बदलतं ते त्या वाटीच्या आतलं अस्तर आणि बाहेरचा कल्हई लावलेला थर, असं म्हणा.

लहान मुलाच्या डोळ्यात यंत्रानं पाहिलं, तर पडदा ओल्या रेशमासारखा चमकतो. अगदी मधोमध एक खळगा असतो. आपण वाचतो, सुई ओवतो, माणसाचा चेहरा ओळखतो ते त्या खळग्यानं. मुलांमध्ये त्या खळग्याच्या तळाशी एक चमकता ठिपका दिसतो. वय वाढतं तशी ती चकाकी जाते. माझ्याकडे शिकायला येणाऱ्या विद्यार्थ्यांना मी हेच आधी दाखवते. रुग्णाचं वय चेहऱ्यावरून ओळखू नका, पडद्याच्या तुकतुकीवरून ओळखा. खळग्याच्या तळाची जाडी वयानुसार फारशी बदलत नाही. त्याच्या भोवतीचा काठ मात्र थोडा बसतो, विहिरीचा कठडा वर्षानुवर्षांच्या पावसानं जरासा झिजावा तसा. पडद्याची बाहेरची किनार तर लहानपणापासूनच बारीक बारीक पोकळ्यांनी जाळीदार होत जाते. ते प्रत्येकाच्या डोळ्यात असतं आणि त्याचा काही त्रास नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं सांगते. हे मला स्वतःलाही फार आवडतं.

अमेरिकेत अलाबामामध्ये क्रिस्टीन करशियो नावाच्या संशोधिका आहेत. नेत्रदानातून मिळालेल्या डोळ्यांचे पडदे सपाट पसरून त्यांनी सहकाऱ्यांबरोबर त्यांतल्या पेशी मोजल्या. डोळे २७ वर्षांच्या माणसापासून ते ९० वर्षांच्या माणसापर्यंतचे होते. १९९३ साली निष्कर्ष छापून आले. खळग्यातल्या शंकुपेशी वयानुसार जवळजवळ जशाच्या तशा राहतात. पण खळग्याच्या भोवतीच्या भागात, एका कड्यासारख्या पट्ट्यात, दंडपेशी जवळजवळ तीस टक्क्यांनी कमी होतात.

याचा व्यवहारातला अर्थ बघा. भिंतीवरचा तक्ता आपण खळग्यानं वाचतो. त्यामुळे तुम्ही माझ्याकडे येता, शेवटची ओळ धडाधड वाचता, मी म्हणते, "छान, सहा बाय सहा." आणि तुम्ही म्हणता, "मग डॉक्टर, रात्री कोल्हापूरहून येताना अंकलीच्या पुढं मला रस्ता का दिसत नाही?" दोन्ही खरं आहे. तक्ता उजेडातली, मधोमधची नजर मोजतो. अंधुक उजेडातलं काम दंडपेशींचं, आणि तिथं पटावरची संख्या कमी झालेली असते.

करशियोंना आणखी एक गोष्ट दिसली. दंडपेशी गेल्यावर मध्ये भोकं पडलेली राहत नाहीत. उरलेल्या पेशी जरा रुंद होतात आणि रिकामी जागा भरून काढतात. काल वर्गात बसलो तेव्हा आपण हेच केलं. तिसऱ्या बाकावर पूर्वी तिघी दाटीवाटीनं बसायचो, काल दोघी बसलो आणि दप्तराची जागासुद्धा उरली नाही.

पेशी कमी होतात हे एक. जोडीला उजेडच कमी पोचतो हे दुसरं. बाहुली वयानुसार लहान होत जाते, अंधारातसुद्धा पुरेशी उघडत नाही. भिंग पिवळं पडतं, आपल्या मार्केट यार्डातल्या हळदीच्या वाटेनं जातं. हिशेब असा मांडतात की विशीतल्या पडद्यावर जेवढा उजेड पडतो, त्याच्या एक तृतीयांशच साठीतल्या पडद्यावर पडतो. मिरजेचे एक तंबोरे करणारे कारागीर माझ्याकडे आले होते, पंचाहत्तरी ओलांडलेले. म्हणाले, "भोपळ्यावरची नक्षी आता जमत नाही, हात थकला." हात उत्तम होता. पडदाही त्यांच्या वयाला शोभेल असाच होता. मी त्यांना चष्म्याचा नंबरसुद्धा बदलून दिला नाही. फक्त कामाच्या जागी डाव्या बाजूनं एक वाकवता येणारा दिवा लावायला सांगितला, उजेड भोपळ्यावर पडेल, डोळ्यांत येणार नाही असा. महिन्याभरानं पेढे घेऊन आले. एवढं स्वस्त औषध मी फार थोड्यांना दिलंय.

तिसरी गोष्ट अंधाराला सरावण्याची. पडद्याच्या मागे रंगद्रव्याच्या पेशींचा एक थर असतो. त्या पेशी म्हणजे घरकाम करणारी बाई, सफाई कामगार आणि कोठीवाले, सगळं एकातच. दंडपेशींची टोकं रोज थोडी थोडी गळतात आणि दहाएक दिवसांत सबंध टोक नवं होतं. गळलेला माल रोज खाऊन पचवायचा, अ जीवनसत्त्व दुरुस्त करून परत पाठवायचं, हे या पेशींचं काम. त्यांना रजा नाही, आणि जन्माला येताना मिळाल्या त्याच शेवटपर्यंत पुरवायच्या असतात. सगळं काही पचत नाही. उरलेला पिवळसर गाळ पेशीतच साठत जातो. हरिपूरची हळदीची पेवं तुम्हाला आठवत असतील. पेव निदान व्यापारी उपसायचा तरी. इथं उपसणारं कुणी नाही. ऐंशीच्या पुढं पेशीचा पाचवा हिस्सा या गाळानंच भरलेला असतो. त्यांच्या खालचा पापुद्रा तरुणपणी दोन मायक्रॉनचा असतो, तो म्हातारपणी दुपटीहून जाड होतो, त्यात स्निग्ध पदार्थ मुरतात. रक्तातून येणारा शिधा मग उशिरा पोचतो. म्हणून उजेडातून अंधारात गेलं की आपल्याला जास्त वेळ लागतो. भावे नाट्यमंदिरात तिसरी घंटा झाल्यावर खुर्ची शोधत फिरू नका, पहिल्या घंटेलाच जाऊन बसा. रात्री बाथरूमला उठताना पायापाशी मंद दिवा असू द्या. माझ्या वयाच्या किती जणींचं खुब्याचं हाड नजरेनं नव्हे तर त्या अर्ध्या मिनिटाच्या अंधारानं मोडलंय, ते अस्थिरोगतज्ज्ञांना विचारा.

सगळ्यात मागे रक्तवाहिन्यांची गादी असते. तीही पातळ होते. बीजिंगमध्ये पन्नाशीपुढच्या तीन हजारांहून जास्त लोकांची तपासणी झाली. पासष्टीच्या आसपास सरासरी २५४ मायक्रॉन आणि दर वर्षी चारेक मायक्रॉन कमी, असं निघालं.

तुम्ही म्हणाल, अमेरिका झाली, चीन झाला, आपल्या माणसांचं काय? आपल्याकडेही झालंय, आणि महाराष्ट्रातच. नागपूरपासून चाळीसेक किलोमीटरवरच्या आठ खेड्यांत २००६ ते २००८ या काळात डॉ. विनय नांगिया आणि जर्मनीचे जोस्ट योनास यांनी तिशीच्या पुढच्या ४७११ लोकांचे डोळे तपासले. बहुतेक शेतकरी, शेतमजूर. दवाखान्यात आलेले रुग्ण नव्हेत, गावात राहणारी साधी माणसं. मला हा अभ्यास फार मोलाचा वाटतो. दवाखान्यात बसून आम्हाला फक्त बिघडलेले डोळे दिसतात. न बिघडलेला डोळा साठीत कसा असतो, ते कळायला गावातच जावं लागतं. नजर कमी होण्याचं तिथलं सर्वांत मोठं कारण मोतीबिंदूच निघालं, म्हणजे बरं करता येण्यासारखं. आणि मधुमेहानं पडदा बिघडलेली माणसं हजारात तीन-चारच.

आता आपल्याकडे वळते. मघाशी चहाच्या वेळी बिनसाखरेचा कप किती जणांनी उचलला, ते मी कोपऱ्यात उभी राहून मोजत होते. एकोणीस. त्या एकोणीस जणांसाठी मी वर सांगितलेलं "हे वयानं होतंच" लागू नाही. मधुमेहात पडद्यावरच्या बारीक रक्तवाहिन्या झिरपतात, बंद पडतात, आणि नजर शेवटपर्यंत चांगली राहू शकते. दिसतंय म्हणून ठीक आहे, हा हिशेब तिथं चालत नाही. वर्षातून एकदा थेंब घालून पडदा तपासायचा, साखर ताब्यात असली तरीही.

आता वयाच्या नावाखाली काय खपवायचं नाही ते सांगते.

डोळ्याच्या पोकळीत एक जेल असतं, कच्च्या अंड्याच्या पांढऱ्यासारखं. वयानुसार ते पातळ होतं आणि साठी-सत्तरीत बहुतेकांच्या डोळ्यात पडद्यापासून सुटतं. सुटताना डोळ्यांपुढं माशा, जाळ्या, केसाचं वेटोळं तरंगताना दिसतं. तेही नैसर्गिक आहे, बहुधा काही महिन्यांत सवय होते. पण सुटताना ते पडद्याला हिसका देतं. अशी तक्रार नव्यानं घेऊन येणाऱ्या शंभरातल्या दहा-पंधरा जणांच्या पडद्याला त्या हिसक्यानं चीर गेलेली सापडते. चीर त्याच आठवड्यात सापडली, तर खुर्चीवर बसल्या बसल्या लेझरनं कडेनं टाके घातल्यासारखं करता येतं. उशीर झाला, तर पाणी आत शिरतं आणि पडदा वॉलपेपरसारखा सुटून येतो. मग मोठी शस्त्रक्रिया. म्हणून अचानक माशांचा थवा आला, अंधारात कडेला वीज चमकल्यासारखं झालं, किंवा एका बाजूनं सावली सरकू लागली, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा. रविवार असला तरी. नातवाचं बारसं असलं तरी.

दुसरं, सरळ रेषा वाकडी दिसणं. तासगाव भागातले एक द्राक्ष बागायतदार आठ महिन्यांनी आले. बागेतल्या तारा त्यांना मध्येच वाकलेल्या दिसायच्या. दोनदा माणसं लावून तारा ताणून घेतल्या! मग वाटलं, वय झालं. दुसरा डोळा चांगला असल्यामुळे चालून गेलं. त्या डोळ्यात खळग्याखाली नको त्या रक्तवाहिन्या उगवून झिरपत होत्या. आज त्यावर डोळ्यात द्यायची इंजेक्शनं आहेत, पहिल्या काही आठवड्यांत आलं तर वाचन टिकतं. त्यांच्या त्या डोळ्याला आता समोरच्या माणसाचा चेहरा दिसत नाही, फक्त कान आणि केस दिसतात. हे सांगायला मी त्यांची परवानगी घेतलीय. ते म्हणाले, "जरूर सांगा, आणि तारांचं पण सांगा."

म्हणून आठवड्यातून एकदा, चष्मा लावून, एक डोळा हातानं झाकून आलेखाच्या कागदाकडे बघा. मग दुसरा डोळा. आलेखाचा कागद नसेल तर खिडकीचे गज किंवा बाथरूमच्या फरश्या चालतील. चौकोन वाकला, पुसला गेला, तर थांबू नका. दोन्ही डोळे उघडे ठेवून बघू नका, चांगला डोळा वाईट डोळ्याची चोरी झाकतो.

पडद्यावर दोन-चार बारीक पिवळे ठिपके आहेत असं कुणाच्या रिपोर्टमध्ये असेल, तर ते बारीक आहेत की मोठे ते विचारून घ्या. बारीक असतील तर आपल्या वयात त्यांना फारसा अर्थ नाही. आणि त्या रिपोर्टवरून लगेच महागड्या गोळ्यांच्या बाटल्या आणू नका. अमेरिकेत २००१ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत त्या गोळ्यांनी आजार वाढण्याची शक्यता साधारण पंचवीस टक्क्यांनी कमी झाली, पण ज्यांचे ठिपके मोठे आहेत किंवा एक डोळा आधीच गेलाय, अशांचीच. निरोगी पडद्याला त्यांचा उपयोग दिसलेला नाही. त्याऐवजी सिगारेट सोडा. पडद्याच्या या आजारात आपल्या हातात असलेलं सगळ्यात मोठं कारण तेच आहे. मध, गुलाबपाणी, कुणाच्या काकूंचा काढा डोळ्यात घालू नका. पडद्यापर्यंत त्यातलं काही पोचत नाही, वरचं बुबुळ मात्र खराब होतं.

शाळेनं प्रयोगशाळेची खोली मला दुपारी तीनपासून उघडून दिलीय. काचबिंदूचा दाब आणि पडदा दोन्ही बघीन. आधी सर आणि बाई, मग चहाच्या एकोणीस कपांचे मालक, मग उरलेले. थेंब घातल्यावर तीन-चार तास जवळचं धूसर दिसेल, उन्हाचा त्रास होईल आणि गाडी चालवता येणार नाही, तेव्हा स्कूटरच्या चाव्या घरच्यांकडे द्या आणि समूहछायाचित्र तीनच्या आत उरकून घ्या. नाहीतर फोटोत सगळेजण डोळे मिचकावताना दिसाल.